आल्बेनियाला प्रवेश, वसईला प्रतीक्षा

आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये युरोपचे बरेच प्रश्न सुटले आहेत. युरोपला ते माहीत नाही, एवढंच.

दर शनिवारी दुपारी कॅनडातल्या ह्या ग्वेल्फ गावातले निवृत्त मराठी पुरुष आमच्याकडे जमतात. डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक. साठ-सत्तरच्या दशकांत इकडे आलेली माणसं. आयुष्यभर कुणी छातीचे ठोके तपासले, कुणी पुलाचे खांब, कुणी गाईचं दूध. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ती जगाकडे वळली. ह्या जमावाला ते मंडळ म्हणतात. मंडळाला घटना आहे, चिटणीस आहे, अध्यक्ष आहेत. अध्यक्ष म्हणजे आमचे हे. बायकांना सभासद व्हायला घटनेत मनाई नाही. फक्त खाली खुर्च्या बारा आहेत आणि त्या कायम भरलेल्या असतात. मी स्वतः इथल्या धान्याच्या प्रयोगशाळेत निवृत्त होईपर्यंत काम केलं. गव्हाच्या पानावरचा डाग बघून मी रोग सांगते. पण शनिवारी माझं काम चहा. मला ह्याचा राग येत नाही असं मी लोकांना सांगते. येतो.

खालचं सगळं मला वर ऐकू येतं. गरम हवा वर यावी म्हणून स्वयंपाकघराच्या जमिनीत जाळी बसवलेली असते, व्हेंट म्हणतात तिला. आमच्या व्हेंटमधून हवा कमी आणि मतं जास्त येतात. सभासद बाजूच्या दाराने थेट बेसमेंटमध्ये उतरतात, त्यामुळे वर कोणी आहे हे त्यांच्या गावीही नसतं. चहा वेळेवर खाली येतो, तो कुठून येतो ह्यावर अजून चर्चा झालेली नाही.

२०१८ च्या पानगळीत मंडळाने विषय घेतला होता तो युरोपच्या संघात कोणत्या देशांना घ्यावं हा. ब्रिटन तेव्हा निरोप घेऊन दारातच उभं होतं आणि त्याला चपला सापडत नव्हत्या. एक जागा रिकामी होणार म्हटल्यावर आमच्या मंडळींना स्फुरण चढलं. देश वाटून घेतले. ह्यांच्याकडे मॅसेडोनिया, कारण त्या देशाने संघात जाण्यासाठी आपलं नावसुद्धा बदलायची तयारी दाखवली होती आणि ह्यांना असा नम्रपणा फार आवडतो. मंडळाचे चिटणीस दूधशास्त्राचे प्राध्यापक, त्यांनी सर्बिया घेतला. आमचे डॉक्टर भूलतज्ज्ञ. आयुष्यभर त्यांनी लोकांना झोपवलं आणि आता ते कुणाला झोपू देत नाहीत. त्यांनी आल्बेनिया घेतला.

आल्बेनियाला ह्यांच्यापैकी कोणीच गेलेलं नव्हतं. तरी पण पहिल्याच शनिवारी डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, "लुक, लोक मेहनती आहेत, सीसाइड आहे, पोटेन्शियल आहे. शिवाय एवढी वर्षं बाहेर ठेवलं बिचाऱ्यांना. वी शुड बी जनरस."

सगळ्यांनी हात वर केले. आल्बेनिया चहा यायच्या आत युरोपमध्ये दाखल झाला.

त्याच आठवड्यात एक फोन आला. ह्यांनी उचलला. पलीकडच्या गृहस्थांनी आपलं आडनाव सांगितलं, ते पोर्तुगीज वळणाचं होतं, म्हणून ह्यांनी लगेच इंग्रजी सुरू केलं. पलीकडून मराठी येत राहिलं. हे इंग्रजीत, ते मराठीत, असं बराच वेळ चाललं आणि शेवटी मीच फोन काढून घेतला.

गृहस्थ वसईचे. कॅथलिक. टोरंटोजवळ वॉनमध्ये एका वेअरहाऊसमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती आणि आता ते मुलीजवळ राहायला म्हणून ग्वेल्फला आले होते. त्यांच्या बायकोला वसंतात स्ट्रोक झाला होता. उजवा हात अधू झाला आणि बोलणं गेलं. इंग्रजी तर पुसूनच गेलं. थोडंफार मराठी येत होतं, एकेक शब्द, तोही थांबून थांबून. मुलगी, जावई, नातवंडं सगळी इंग्रजी बोलणारी.

"ताई, स्पीच थेरपिस्ट म्हणते, पहिलं वर्ष महत्त्वाचं," ते म्हणाले. "जी भाषा येते ती भरपूर कानांवर पडू द्या, तिला बोलायला लावा. आता घरात मराठी बोलणारा मी एकटा. माझं तिने आयुष्यभर ऐकलंय. कंटाळली ती. मी बोलायला लागलो की डोळे मिटून घेते."

मी हसले. तेही हसले.

"तुमच्याकडे शनिवारी मराठी लोक जमतात असं कळलं," ते म्हणाले. "आम्ही कोपऱ्यात बसू. चालेल का?"

आता ह्याला उत्तर एकच होतं. मी ते द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ह्यांनी खुणेने मला थांबवलं, फोन घेतला आणि म्हणाले, "त्याचं काय आहे, आमच्याकडे प्रोसेस आहे."

प्रोसेस होती, हे खरं. घटनेत एकमताचं कलम होतं. एका जरी सभासदाचा हात खाली राहिला तर नवा माणूस बाहेर. हे कलम ज्या काळात लिहिलं त्या काळात ग्वेल्फमध्ये मराठी कुटुंबं चार होती आणि उरलेला महाराष्ट्र धक्काबुक्की करत आत घुसेल अशी ह्यांना धास्ती होती. महाराष्ट्र काही आला नाही. कलम मात्र राहिलं.

पुढच्या शनिवारी अर्ज चर्चेला आला. मी व्हेंटजवळ कांदे चिरायला बसले. मला वाटलं होतं कोणीतरी जातीधर्माचं काही बोलेल आणि मग मी चाकू घेऊनच खाली जाईन. तसं झालं नाही. जे झालं ते जास्त वाईट होतं, कारण सगळे फार चांगले वागले.

"आपल्याला काहीच प्रॉब्लेम नाही," डॉक्टर म्हणाले. "माझे मेडिकल कॉलेजमधले बेस्ट फ्रेंड्स ख्रिश्चन होते. मी त्यांच्या बाजूने विचार करतोय. आपण सुरुवातीला गणपतीची आरती म्हणतो. त्यांना अवघडल्यासारखं होईल."

"आणि पॉटलकच्या जेवणाचं काय?" प्राध्यापक म्हणाले. "आपलं सगळं व्हेज. त्यांना आपलं जेवण सपक लागेल. उगाच त्यांच्यावर लादल्यासारखं."

"शिवाय भाषा," तिसरं कोणीतरी म्हणालं. "त्यांची मराठी वेगळी असते. आपण बोलतो ते त्यांना जड जाईल. दे वुड फील लेफ्ट आउट."

वसई आणि ठाणे ह्यांच्यामध्ये एक खाडी आहे. आमचे हे ठाण्याचे. आल्बेनियाशी ह्यांचं जमणार होतं, कारण ती माणसं मेहनती होती आणि समुद्र जवळ होता. वसईचं काय होतं मग? पण हे सगळं मी कांद्यांना सांगत होते. खाली त्या दोघांच्या भावनांना इतकं जपणं चाललं होतं की त्यांना आत घेणं अशक्य होऊन बसलं. मतदान झालं. डॉक्टरांचा हात खाली राहिला. "मी विरोध करत नाहीये," ते म्हणाले, "मी फक्त काळजी करतोय." घटनेनुसार काळजी हा विरोधच होता.

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "अहो, फोन करून विचारा ना त्यांना. आरती चालेल का, जेवण चालेल का. दोन मिनिटांचं काम आहे."

"असं थेट विचारणं बरं दिसत नाही," हे म्हणाले. "त्यांना परीक्षा घेतल्यासारखं वाटेल."

नंतर प्राध्यापकांनी डोकं चालवलं. युरोपचा संघ नव्या देशाला घेताना काय बघतो? लोकशाही स्थिर आहे का, बाजार खुला आहे का, संघाचे नियम पेलता येतील का. मग आपणही तसेच निकष का लावू नयेत? म्हणजे कुणावर अन्याय नको. झालं, एक उपसमिती बसली. ती मंडळाच्या सांस्कृतिक अनुरूपतेची व्याख्या करायला लागली आणि तिथेच भांडली, कारण कोकणी मंडळी आणि पुणेकर ह्यांच्यात जेवणात नारळ किती घालावा ह्यावर एकमत होईना. सर्बियाचं प्रकरण त्यामानाने सोपं गेलं. मॅसेडोनियाला ह्यांनी रडवेल्या आवाजात भाषण करून आत आणलं. "जो देश स्वतःचं नाव सोडायला तयार होतो, त्याला दारात उभं करणं माणुसकीला धरून नाही," हे म्हणाले. टाळ्या झाल्या. वसईचं घोंगडं भिजत पडलं.

मला संताप आला होता. मी उगाच सभ्यपणे लिहीत नाही, संतापच आला होता. कुणाच्या तरी बायकोची जीभ बांधली गेली होती, त्या पहिल्या वर्षातले महिने चालले होते आणि खाली बारा शिकलेली माणसं नारळावर भांडत बसली होती. मी सरळ त्या गृहस्थांना फोन केला आणि म्हटलं, "भाऊ, शनिवारी वहिनींना माझ्याकडे सोडा. खाली नाही, वर. माझ्या स्वयंपाकघराला घटना नाही."

ह्यांना सांगितलं तेव्हा हे जरा विचारात पडले. मग म्हणाले, "वर जे होईल त्याची मंडळाला अधिकृत माहिती नाही, असं धरू."

"धरा," मी म्हटलं.

ती आली. साठी उलटलेली, ठेंगणी, केस घट्ट मागे बांधलेले, डाव्या हातात काठी. डोळे असे की समोरच्याचं सगळं मोजून घेतील. नवरा तिला खुर्चीवर बसवून गेला आणि जाताना मला दारात हळूच एक गोष्ट सांगून गेला. "तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, ताई. कितीही वेळ लागला तरी. शब्द तोंडात दिला की ती थांबते. मग दिवसभर बोलत नाही."

ऐकायला हे सोपं वाटतं. करून बघावं. समोरचा माणूस "मला" म्हणून थांबतो, ओठ हलतात, कपाळावर शीर ताठते, आणि तुम्हाला दिसत असतं की पाणी हवंय, ग्लास तिच्यासमोर आहे, "पाणी" हा शब्द तुमच्या जिभेवर येऊन बसलाय. तो गिळायचा. मी प्रयोगशाळेत अंकुर फुटायची वाट बघत आठवडे काढले आहेत, पण त्या काही सेकंदांनी मला घाम फोडला. आमच्या मराठी लोकांत बोलणं म्हणजे दुसऱ्याचं वाक्य मध्येच पकडून आपल्या घरी नेणं. मी तर त्यात पटाईत. लग्न झाल्यापासून ह्यांचं एक वाक्य मी पूर्ण होऊ दिलं असेल तर शपथ.

तिला मी मेथी निवडायला दिली. डाव्या हाताने ती एकेक पान खुडायची. मी बोलत राहायचे. भावांचं, सासूचं, बर्फाचं, शेजारणीच्या कुत्र्याचं. ती ऐकायची आणि मध्येच एखादा शब्द टाकायची. "खोटं," ती एकदा म्हणाली, मी माझ्या तरुणपणातल्या रूपाचं वर्णन करत होते तेव्हा. आम्ही दोघी इतक्या हसलो की खालून हे ओरडले, "काय झालं?"

आणि खालचं तिला ऐकू यायचंच. पहिल्या दिवशी मी व्हेंटवर पायपुसणं टाकायला गेले, तर तिने काठीने ते बाजूला सारलं. तिला ऐकायचं होतं. पुढे ती खुर्ची जवळ ओढून घ्यायला लागली. तुर्कस्तानचा विषय निघाला की मान हलवायची. मॉन्टेनेग्रोला ती अनुकूल नव्हती. तिचे शब्द वाढत होते. दोनाचे तीन, तिनाचे चार झाले. तिचा नवरा न्यायला आला की दारातच विचारायचा, "आज काय बोलली?" मी सांगायचे, आणि तो मोठा माणूस बूट काढायचे विसरून ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणून बघायचा. मला त्याच्याकडे बघवत नसे. पण मला हेही कळत होतं की माझं एकटीचं बोलणं तिला पुरणार नाही. तिला माणसं हवी होती, गलका हवा होता, मध्ये घुसायला वाद हवा होता. ते सगळं एका मजल्याखाली फुकट वाया जात होतं.

डिसेंबर लागला. त्या शनिवारी वसईचा अर्ज पुन्हा चर्चेला होता. प्राध्यापकांनी तडजोड आणली होती. सभासदत्व एकदम नको, आधी 'उमेदवार दर्जा' द्यावा, मग प्रगती बघावी. हात वर झाले. मग नेहमीची शांतता पसरली, आणि आम्हा दोघींना न बघताही कळलं की डॉक्टरांचा हात खाली आहे.

"मी प्रॅक्टिकल बोलतोय," डॉक्टरांचा आवाज वर आला. "मिसेसना मेजर स्ट्रोक होऊन गेलाय. ॲट धिस स्टेज त्यांना तसं काही कळतही नसणार. मग आणून बसवून उपयोग काय? इट्स नॉट फेअर टु हर."

ह्यांचा खोकला ऐकू आला. पुन्हा एकदा खोकले. अध्यक्षांना वर कोण बसलंय हे ठाऊक होतं, पण अधिकृत नव्हतं.

मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, गेलं आता, इतक्या आठवड्यांचं सगळं गेलं. ती पुन्हा तोंड उघडणार नाही. मी काहीतरी बोलायला गेले, तर तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली, काठी घेतली आणि उठली. बेसमेंटच्या जिन्याकडे बोट दाखवलं.

आमचा जिना उभा आहे. मी तिच्या पुढे उलटी उतरत होते, ती एकेक पायरी घेत होती आणि प्रत्येक पायरीला काठीचा आवाज होत होता. खालची चर्चा थांबली. आम्ही शेवटच्या पायरीवर पोचलो तेव्हा बाराच्या बारा जण आमच्याकडे बघत होते. भिंतीवर युरोपचा नकाशा, त्यावर रंगीत टाचण्या. ती नकाशासमोर जाऊन उभी राहिली.

"आल," ती म्हणाली. आणि थांबली.

"बसा ना, बसा," प्राध्यापक उठले. "आलं? आल्याचा चहा हवाय का?"

"पाणी?" कोणीतरी म्हणालं.

"डू... यू... नीड... द... वॉशरूम?" डॉक्टरांनी मोठ्याने, सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं.

"गप्प बसा!" मी ओरडले. आमच्या घरात मी इतक्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते. "कोणी एक शब्द बोलायचा नाही. तिचं ती पुरं करील."

ती सगळ्यांकडे बघत होती. कपाळावरची शीर ताठली. बाजूचं दार उघडल्याचा आवाज झाला, थंड हवा आत आली, तिचा नवरा तिला न्यायला आला होता आणि पायरीवरच थबकला. किती वेळ गेला मला माहीत नाही. घड्याळाकडे बघायची हिंमत मला झाली नाही.

"आल्बेनियाला," ती म्हणाली. श्वास घेतला. "विचारलं का... कोणी?"

डॉक्टर नकाशाकडे बघायला लागले, जणू उत्तर तिथे सापडेल. आमचे हे खाली मान घालून बसले. मला ह्यांची थोडी दया आली आणि पुष्कळ आनंद झाला.

तिचा नवरा पायरीवरून खाली आला, बर्फाच्या बुटांसकट, आमच्या कार्पेटवर. "काय म्हणाली? अख्खं बोलली?" तो मला विचारत होता. मी नुसती मान हलवली. हे उठले आणि आपली अध्यक्षांची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. तो बसला नाही.

तिला आता रंग चढला होता. एवढी माणसं एकदम गप्प राहून आपलं ऐकताहेत हे तिला आवडलं होतं. तिने दुसरं वाक्य सुरू केलं. ह्या वेळी कोणी पाणी विचारलं नाही. प्राध्यापकांनी एकदा तोंड उघडलं, तर शेजारच्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नाताळला," ती म्हणाली. "या. आमच्या घरी. सगळे." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "तुम्ही पण."

कोणी मत मागितलं नव्हतं. तरी डॉक्टरांचा हात हळूहळू वर गेला आणि तिथेच राहिला. मग बाकीच्यांचेही. तिच्या नवऱ्याला मात्र हे काय चाललंय ते कळलंच नाही. त्याने हातांकडे बघितलंही नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, पुढचा शब्द येतो का म्हणून.